फ्रँक हॉर्नबी : सुट्या भागांतून मालधक्का उभा करणारा माणूस



आपण वर्धेकडची माणसं. मालगाडी आपल्याला नवीन नाही. वर्धा जंक्शनला किंवा सेवाग्राम स्टेशनला (जुनी माणसं अजून वर्धा ईस्टच म्हणतात) आपल्या गाडीची वाट बघत उभं राहा, तेवढ्यात दोन-तीन मालगाड्या तरी समोरून जातातच. चंद्रपूरकडून कोळसा येतो, सिमेंट येतं. बाजूच्या रुळांवर रिकामे डबे उभे असतात. या डब्यांना रेल्वेतले लोक वाघिणी म्हणतात. एखादं इंजिन चार वाघिणी इकडून ढकलतं, सांधा बदलला की तिकडच्या रुळावर नेऊन सोडतं. प्रवासी गाडी येते आणि जाते, पण मालधक्क्यावर दिवसभर काहीतरी चालूच असतं. मला विचाराल तर रेल्वेत बघण्यासारखी खरी जागा तीच.

आता समजा, हा मालधक्का आपल्याला टेबलावर मावेल एवढा करायचा आहे. रूळ, सांधे, वाघिणी, क्रेन, सिग्नल, सगळं काही. आणि तो एकदा करून कपाटावर ठेवायचा नाही. आज मालधक्का, उद्या तेच सामान उकलून पूल, परवा पुन्हा मालधक्का. जमेल? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका कारकुनाने ते जमवून दाखवलं. त्यांचं नाव फ्रँक हॉर्नबी. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

फ्रँकचा जन्म १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात झाला. लिव्हरपूल म्हणजे मोठं बंदर. आणि मुलांनो, या बंदराचा आपल्या जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे बरं का! त्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा कापूस लिव्हरपूलला उतरत असे. बराचसा कापूस अमेरिकेतून यायचा. पण १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं आणि तो कापूस थांबला. गिरण्या बंद पडायला लागल्या. मग सगळ्यांच्या नजरा वळल्या हिंदुस्थानच्या कापसाकडे, त्यात आपल्या हिंगणघाटच्या कापसाकडेसुद्धा. वर्धा जिल्हा वेगळा झाला १८६२ साली. वर्धा शहर वसायला लागलं १८६६ च्या सुमारास, पालकवाडी नावाच्या छोट्या खेड्याच्या जागी. आणि मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. म्हणजे फ्रँक तिकडे बंदराच्या गावात चार वर्षांचा होत होता, तेव्हा इकडे कापसाच्या गाठी बैलगाडीतून उतरून पहिल्यांदा वाघिणीत चढत होत्या. इतिहासाच्या पुस्तकात या दोन गोष्टी एका पानावर नसतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

फ्रँकचे वडील खाण्यापिण्याच्या मालाचे व्यापारी होते. फ्रँकला शाळेची फारशी गोडी नव्हती. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्याच दुकानात हिशेब बघायला लागला. इंजिनिअरिंगचं कसलंही शिक्षण त्याने घेतलं नाही. पण हाताला चैन नव्हती. लहानपणी सॅम्युअल स्माइल्स यांचं सेल्फ हेल्प हे पुस्तक त्याच्या वाचनात आलं. त्यात शोध लावणाऱ्या, पुन्हा पुन्हा हरून उभं राहणाऱ्या माणसांच्या गोष्टी होत्या. त्या वाचून फ्रँकने आपणहून न थांबता कायम फिरत राहणारं यंत्र बनवायचा उद्योगही करून पाहिला. असं यंत्र होऊच शकत नाही, हे तुम्ही पुढे विज्ञानात शिकाल. फ्रँकला ते खटपट करून कळलं.

१८८७ मध्ये त्यांचं लग्न क्लारा गोडफ्रॉय यांच्याशी झालं. क्लाराबाई शिक्षिका होत्या. (आम्हा शिक्षकांना बरं वाटतं असं काही वाचलं की!) त्यांना रोलँड आणि डग्लस असे दोन मुलगे झाले. १८९९ मध्ये वडील वारले, दुकान बंद झालं. हॉर्नबी डेव्हिड एलियट नावाच्या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून लागले. वय छत्तीस. पगार बेताचा. दिवसभर वह्या आणि आकडे, संध्याकाळी घर. तिथून पुढे या माणसाचं नाव जगभर होईल असं कुणालाही वाटलं नसतं.

संध्याकाळी ते मुलांसाठी पत्र्याची खेळणी करत. हत्यारं साधीच. पत्रा कापायचा, भोकं पाडायची, वाकवायचं. पूल केले, ढकलगाड्या केल्या, बंदरावर दिसणाऱ्या क्रेन केल्या. मुलं खूश. पण अडचण अशी की क्रेनसाठी कापलेला तुकडा क्रेनलाच बसायचा. पूल करायचा म्हटलं की पुन्हा नवा पत्रा, नव्याने कापाकापी. जुनी क्रेन मात्र कोपऱ्यात धूळ खात पडायची. मुलांचं मन तर दोन दिवसांत भरतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

हॉर्नबी पुढे सांगत असत की नाताळच्या आदल्या दिवशी ते रेल्वेने चालले होते. डोक्यात क्रेनचाच विचार घोळत होता. एखादा छोटा भाग हवा असतो तेव्हा नेमका नसतो, आणि नको तेव्हा असे दहा तुकडे घरात पडलेले असतात, असं का? विचार करता करता त्यांना सुचलं, की प्रत्येक तुकडा एकाच मापाचा केला आणि त्याला सारख्या अंतरावर भोकं पाडली, तर कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला जोडता येईल.

बस, एवढंच. ऐकायला सोपं वाटतं ना? पण यातली गंमत नीट समजून घेऊ, कारण गोष्टीचा गाभा हाच आहे.

हॉर्नबींनी पट्टीची रुंदी अर्धा इंच ठरवली. दोन भोकांमधलं अंतरही अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. अडीच इंचाच्या पट्टीला ५ भोकं, साडेपाच इंचाच्या पट्टीला ११, साडेबारा इंचाच्या पट्टीला २५. ते सोडायचं नाही. पट्टी लांब असो की आखूड, भोकांचं अंतर तेच. शिवाय त्या भोकातून फक्त बोल्टच जात नाही, चाकाचा दांडाही जातो! म्हणजे एकच भोक आज सांध्याचं काम करेल, उद्या चाकाच्या आसाचं. एवढे बारीक नट-बोल्ट तेव्हा बाजारात तयार मिळत नव्हते, तेही त्यांनी हाताने केले.

हे करून बघायचं असेल तर जाड पुठ्ठा घ्या. अर्ध्या इंचाच्या पट्ट्या कापा, पट्टीवर अर्ध्या-अर्ध्या इंचावर खुणा करा आणि दाभणाने भोकं पाडा. एक पट्टी ४ भोकांची, दुसरी ५ भोकांची, तिसरी ६ भोकांची. तिन्हींची टोकं एकमेकांना जोडून त्रिकोण करा. आता कोनमापक लावून पाहा. बरोबर काटकोन! का? तर ४ भोकांमध्ये मोकळ्या जागा ३, ५ भोकांमध्ये ४ आणि ६ भोकांमध्ये ५. तीन-चार-पाचचा त्रिकोण. भोकं मोजली की उत्तर चुकतं, मधल्या जागा मोजाव्या लागतात. सातवीत पायथागोरसचा सिद्धांत येतो तेव्हा माझ्या मुलांना हा त्रिकोण आधी हातात घेऊन पाहिलेला असतो, त्यामुळे फळ्यावर फार खडू खर्च होत नाही.

आता शोध तर लागला, पण पेटंट घ्यायला पैसे लागतात. हॉर्नबींकडे ते नव्हते. त्यांनी मालकाकडे, एलियटसाहेबांकडे, ५ पौंड उसने मागितले. जानेवारी १९०१ मध्ये पेटंटचा अर्ज गेला. मालकाने नुसते पैसे दिले नाहीत, कचेरीशेजारची रिकामी जागाही वापरायला दिली आणि भागीदारीही केली. दिवसा हिशेबाच्या वह्या आणि उरलेल्या वेळात खेळण्यांचा धंदा, असं पुढची सहा वर्षं चाललं. सहा वर्षं, मुलांनो! म्हणायला सोपं आहे, पण घरी बायको-मुलं असताना, नफा एक पैशाचा नसताना एवढी वर्षं टिकून राहणं काय असतं, ते घरात शेती किंवा छोटं दुकान असलेल्यांना विचारा.

पहिल्या संचाचं नाव होतं मेकॅनिक्स मेड ईझी. डब्यात १६ प्रकारचे भाग आणि १२ वस्तू कशा करायच्या ते दाखवणारं पत्रक. दुकानदारांना ते फारसं पटेना. त्यांना रंगवलेली, चकचकीत, तयार खेळणी विकायची सवय. हे काय, नुसत्या भोकं पाडलेल्या पट्ट्या? शेवटी लिव्हरपूल विद्यापीठातले इंजिनिअरिंगचे प्राध्यापक हेले-शॉ यांनी शिफारसपत्र दिलं, तेव्हा लोकांचा थोडा विश्वास बसला. १९०३ मध्ये सुमारे १५०० संच विकले गेले, तरी नफा शून्य. पहिला छोटासा नफा दिसला तो १९०६ साली. १९०७ मध्ये हॉर्नबींनी नोकरी सोडली, ड्यूक स्ट्रीटवर कारखान्यासाठी जागा भाड्याने घेतली आणि भाग स्वतः तयार करायला लागले. त्याच वर्षी नवं नाव नोंदवलं, मेकॅनो. पुढच्या वर्षी कंपनी झाली. एलियटसाहेब मात्र नव्या कंपनीत आले नाहीत. ५ पौंड देणारा माणूस ऐन वेळी बाजूला राहिला याची मला वाचताना चुटपुट लागते.

पुढची घोडदौड मी भरभर सांगते. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना. १९१६ मध्ये मेकॅनो मॅगझिन हे मासिक. देशोदेशी विक्री. १९२६ मध्ये पेटंटला २५ वर्षं झाली म्हणून पट्ट्यांना लाल-हिरवा रंग आला. आपल्याकडेही पत्र्याच्या पट्ट्या आणि नट-बोल्टांचे असे संच मिळतात, तुमच्यापैकी काहींनी खेळले असतील.

पण सुट्या भागांविषयी एक गोष्ट घाईत सोडून चालणार नाही. हॉर्नबींनी प्रत्येक भागाला क्रमांक दिला होता. साडेबारा इंची पट्टी म्हणजे १ नंबर, अडीच इंची पट्टी ५ नंबर, नट-बोल्ट ३७ नंबर. एखादा भाग हरवला तर अख्खा संच घ्यायची गरज नाही. दुकानात जायचं, नंबर सांगायचा, तेवढाच भाग आणायचा. आणि संचही चढत्या क्रमाचे. १ नंबरचा संच तुमच्याकडे असेल तर १अ नावाचा छोटा पूरक संच घ्या, दोन्ही मिळून झाला २ नंबरचा संच. आधी घेतलेलं काहीच फुकट जात नाही. गरीब घरातला मुलगा वाढदिवसाला पाच-दहा भाग घेत घेत वर चढू शकत होता. धंद्याच्या दृष्टीनेही हे हुशारीचं होतं हे खरं, गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा दुकानात यायचं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

या सुट्या भागांवर फक्त मुलंच खेळली असं नाही. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मुख्यतः मेकॅनोचे भाग वापरून गणिताची अवघड समीकरणं सोडवणारं यंत्र तयार केलं. संगणक येण्याआधीची ही गोष्ट आहे.

आता येऊ या आपल्या मालगाडीकडे.

पहिल्या महायुद्धाआधी खेळण्यातल्या आगगाड्या म्हणजे जर्मनीच्या, असंच समीकरण होतं. युद्धानंतर इंग्लंडमध्ये जर्मन माल कुणाला नको झाला. हॉर्नबींनी संधी ओळखली आणि १९२० मध्ये स्वतःच्या नावाची गाडी काढली. हॉर्नबी ट्रेन. चावी दिली की चालणारी. आणि बघा हं, पहिल्या संचात प्रवासी डबे नव्हतेच! एक इंजिन, कोळशाचा टेंडर आणि एक उघडी मालवाघीण. रुळांची रुंदी ३२ मिलिमीटर.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही गाडी मेकॅनोसारखीच नट-बोल्टांनी जोडलेली होती. चाक झिजलं? बोल्ट काढा, चाक बदला. बफर वाकला? दुसरा बसवा. गाडी मोडली म्हणून टाकून द्यायची वेळच येत नव्हती. पुढे हळूहळू तेलाच्या टाकीची वाघीण आली, गुरांची आली, लाकडं वाहणारी, सिमेंटची, क्रेन बसवलेली वाघीण आली. मग मालाचा फलाट, सिग्नल, रेल्वेफाटक, रूळ जिथे संपतो तिथला बफर. १९२५ पासून विजेवर चालणाऱ्या गाड्याही आल्या. बघता बघता मुलांच्या घरात जमिनीवर अख्खा मालधक्का मांडला जायला लागला.

पुढे स्वस्त गाड्या काढताना कंपनीने नट-बोल्ट सोडले आणि पत्र्याच्या जिभा खाचेत घालून वाकवायची पद्धत घेतली. किंमत कमी झाली, जास्त घरांत गाडी पोचली. पण ती जीभ दोन-तीनदा वाकवली की तुटते. दुरुस्ती संपली. माझं मत विचाराल तर पहिलीच गाडी भारी होती. पण जिच्या घरी महागडी गाडी येणं शक्यच नव्हतं तिला विचारलं, तर ती दुसरं सांगेल.

तिला म्हणाले खरं, पण तेव्हा हे खेळ मुलींसाठी समजलेच जात नव्हते. मेकॅनोच्या जाहिराती बघा, डब्यांवरची चित्रं बघा, मुलगे आणि त्यांचे वडील. १९२८ मध्ये हॉर्नबी रेल्वे कंपनी नावाचं मुलांचं मंडळ निघालं, तेही मुलग्यांना हाक मारणारं. शंभर वर्षांपूर्वीचा काळ होता म्हणून सोडून द्यायचं तर देऊ, पण चांगलं नव्हतंच ते. माझ्या वर्गात सांधा सगळ्यात सफाईने बसवते ती एक मुलगीच आहे.

हो, आमच्या वर्गातही मालधक्का आहे! पैसे खर्च करून नाही केला. रूळ म्हणजे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या आइस्क्रीमच्या काड्या, स्लीपर पऱ्हाटीच्या काड्यांचे. वाघिणी काडेपेटीच्या. चाकं बाटल्यांची झाकणं, आस म्हणून संपलेल्या पेनातल्या कांड्या. रुळांमधली खडी म्हणजे गाळलेल्या रेतीची चाळणीवर उरलेली गोटी. गोदामाजवळ कापसाच्या गाठी खऱ्या कापसाच्या, सुताने बांधलेल्या. पुलगाव-आर्वी छोट्या रुळाची गाडी अशाच कापसासाठी १९१७ मध्ये सुरू झाली होती. ती आता बंद झाली, पण तुमच्या आजी-आजोबांना विचारा, डोळे चमकतील त्यांचे.

या मालधक्क्याइतकाच महत्त्वाचा आहे एक जुना बिस्किटाचा डबा. त्यावर लिहिलंय, सुटे भाग. बंद घड्याळाची चाकं, मोडक्या खेळण्याचे दांडे, छत्रीची तार, जुन्या रेडिओचे स्क्रू, कंपासपेटीचं बिजागर, सगळं त्यात. शिक्षक बंधू-भगिनींनो, असा डबा ठेवणार असाल तर एक करा. नुसता भरत जाऊ नका. आत छोट्या डब्या ठेवा आणि हॉर्नबींसारखे नंबर द्या. चाकं १, दांडे २, स्क्रू ३ असं. नाहीतर महिनाभरात त्याचं भंगार होतं आणि हवा तो स्क्रू शोधण्यात अख्खी तासिका जाते. धारदार पत्रा आणि जुने सेल मात्र त्यात नकोत. सेल फुगतात, गळतात, आणि बाकीचं सामानही गंजवतात.

मापाचा एक हिशेब करून बघू या. कोळशाची जी उघडी मोठी वाघीण तुम्हाला वर्ध्याला दिसते, ती सुमारे १०.७ मीटर लांब असते. आजकाल जगभर जास्त चालणारं छोट्या रेल्वेचं प्रमाण आहे १ ला ८७. म्हणजे १०.७ मीटरला ८७ ने भागा. उत्तर येतं साधारण १२.३ सेंटिमीटर. वहीच्या पानाच्या रुंदीपेक्षाही कमी. कोळशाच्या पूर्ण गाडीला अशा ५८ वाघिणी धरा. १२.३ गुणिले ५८ म्हणजे सात मीटरहून जास्त, आणि इंजिन वेगळंच! आमच्या वर्गाची खोली संपते पण गाडी संपत नाही. म्हणूनच टेबलावर अख्खी गाडी पळवण्यापेक्षा मालधक्का करणं शहाणपणाचं. पाच-आठ वाघिणींत खेळ होतो.

तो खेळही सांगून टाकते. हा हॉर्नबींचा नाही, त्यांच्या नंतरच्या काळातला, इंग्लंडच्याच ऍलन राइट नावाच्या हौशी माणसाचा. तीन रूळ आखा. एकावर ५ वाघिणी मावतील, उरलेल्या दोघांवर ३-३. तिन्ही रूळ सांध्यांनी एका चौथ्या तुकड्याला जोडा, ज्यावर इंजिन आणि ३ वाघिणी मावतात. एकूण वाघिणी ८, प्रत्येकीवर आकडा. चिठ्ठ्या टाकून ५ काढा. ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने ५ वाघिणींची गाडी पहिल्या रुळावर लावायची. वाघीण हाताने उचलायची नाही! फक्त इंजिनाने ओढायची, ढकलायची. किती वेगवेगळे क्रम येऊ शकतात? ८ गुणिले ७ गुणिले ६ गुणिले ५ गुणिले ४, म्हणजे ६७२०. रोज एक सोडवलात तरी अठरा वर्षं पुरेल. हा खेळ एकदा खेळलात की सेवाग्रामला ते इंजिन चार वाघिणी घेऊन पुढे-मागे का करतं ते आपोआप कळतं.

पुन्हा हॉर्नबींकडे वळू. मालधक्का झाला, पण त्यावर माणसं, गुरं, मोटारी नकोत का? म्हणून कंपनीने छोट्या छोट्या मूर्ती काढल्या. हमाल, स्टेशनमास्तर, प्रवासी, जनावरं. त्यांत १९३३ च्या सुमारास मोटारी आल्या. रेल्वेच्या शोभेला म्हणून निघालेल्या या मोटारींचंच पुढे नाव पडलं डिंकी टॉइज, आणि त्या रेल्वेपेक्षाही जास्त गाजल्या. त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव होत्या. त्या काळच्या काही मोटारींच्या धातूत शिशाची भेसळ राहिली, त्यामुळे वर्षांनंतर त्या आपोआप तडकून भुगा झाल्या. कपाटात जपून ठेवलेल्या, हात न लावलेल्यासुद्धा. त्याच कारखान्यातल्या पत्र्याच्या पट्ट्या मात्र अजून धडधाकट आहेत.

हॉर्नबी आता श्रीमंत झाले होते. १९३१ मध्ये लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून ते ब्रिटिश संसदेवर निवडून गेले. तिथे त्यांनी फार काही केलं असं दिसत नाही. तब्येत साथ देत नव्हती. मधुमेह होता, हृदयही कमजोर झालं होतं. १९३५ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. २१ सप्टेंबर १९३६ रोजी वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी लिव्हरपूलमध्येच ते वारले. धाकटेपणी ज्याच्यासाठी पत्र्याची क्रेन केली होती, तो रोलँड कंपनीचा अध्यक्ष झाला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे गांधीजी शेगावला राहायला आले, जे पुढे सेवाग्राम झालं. आलेल्या पत्रांचे पाठकोरे कागद वापरणारे, पेन्सिलीचा तुकडाही न टाकणारे गांधीजी आणि खेळण्यांचा कारखानदार हॉर्नबी, यांची तुलना मी करणार नाही. दोघांची वाट वेगळी होती. तारीख जुळली म्हणून आठवण झाली एवढंच.

हॉर्नबींच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, कंपनीने निम्म्या मापाच्या, १६.५ मिलिमीटर रुळांच्या गाड्या काढल्या. आज भारतातल्या छंदी लोकांकडे बहुतेक याच रुंदीचे रूळ असतात. पुण्यात कोथरूडला बी. एस. जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. सहल पुण्याला गेली तर नक्की बघा. तिथे गाड्या बघतातच सगळे, तुम्ही सांधे आणि सिग्नल कसे चालतात तेही बघा.

बिन्स रोडचा तो कारखाना नोव्हेंबर १९७९ मध्ये बंद पडला. तोवर प्लास्टिकची खेळणी आली होती, मुलांच्या आवडी बदलल्या होत्या. पण जगात ठिकठिकाणी जुन्या पट्ट्यांचे डबे अजून लोक जपून ठेवतात. आजोबांच्या डब्यातली १९२० सालची पट्टी घ्या आणि नातवाच्या डब्यातली १९७० सालची. एकीवर दुसरी ठेवा. भोकावर भोक येतं, आणि बोल्ट आरपार जातो.